कळसूबाई, सांदण की अलंग-मदन-कुलंग : आधी कुठे जायचं?

भंडारदऱ्याकडे जायचं एवढं पटकन ठरतं, पण पुढे गाडी अडते. ग्रुपमधला एक म्हणतो कळसूबाई, दुसरा सांदण दरी, आणि ज्याने नुकतेच नवे शूज घेतलेत तो अलंग-मदन-कुलंगवर अडून बसतो. तिन्ही ठिकाणं एकाच परिसरातली. आकाश स्वच्छ असेल तर कळसूबाईच्या माथ्यावरून अलंग, मदन, कुलंग या तीन किल्ल्यांची रांग समोरच दिसते, म्हणून तिन्ही एकाच जातीची वाटतात. तशी ती अजिबात नाहीत.

यातलं सोपं काय आणि अवघड काय, असं सगळे विचारतात. मी आधी एवढंच विचारतो : पाय थकले किंवा मन कचरलं, तर कुठून मागे फिरता येईल? या एका प्रश्नावर तिन्ही वाटा वेगळ्या होतात.

कळसूबाईवर कुठूनही मागे फिरता येतं. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, तरी बारी गावातून निघालेली वाट शेवटपर्यंत मळलेली आहे. अवघड कातळावर लोखंडी शिड्या आहेत, आधाराला रेलिंग आहे, वाटेत लिंबूसरबताच्या टपऱ्या आहेत. दोर लागत नाही. लागतो तो दम. तीन ते चार तास सतत चढ असतो आणि सपाटी फार थोडी मिळते. रोज चालणारी पन्नाशी-साठीतली माणसं बसत-उठत माथ्यावर पोचताना मी पाहिली आहेत आणि जिममध्ये जाणारी पोरं पहिल्याच तासात धापा टाकतानाही पाहिली आहेत. वर कळसूबाईचं छोटंसं देऊळ आहे. पंचक्रोशीतल्या लोकांसाठी हा ट्रेक नाही, देवीचं ठाणं आहे. नवरात्रात इथे यात्रा भरते आणि बायाबापड्या अनवाणीसुद्धा चढतात. माथ्यावर वागताना, बोलताना आणि गाणी लावताना एवढं मनात ठेवा.

इथे दिवस चुकीचा निवडला की मजा गेली. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी शिडीखाली रांग लागते, पायऱ्या ओल्या असतात, वारा माणसाला हलवतो आणि वर धुक्यापलीकडे काहीच दिसत नाही. पहिल्यांदाच जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आठवड्याच्या मधला दिवस काढा. पहाटे तीनच्या सुमारास बारीतून निघालात तर सूर्योदय वर मिळतो. हेडटॉर्च प्रत्येकाचा स्वतःचा हवा, मोबाईलच्या उजेडावर शिडी चढू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकीने उतार पिवळे होतात तेव्हाही जाण्यासारखं असतं, फक्त पावसाची सर गृहीत धरा.

सांदणचं गणित उलटं आहे. इथे आधी उतरायचं असतं. साम्रद गावाजवळ जमिनीलाच भेग पडल्यासारखी ही घळ सुरू होते. दोन्ही बाजूंना सरळ उभे कातळ, काही ठिकाणी दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढी रुंदी, आणि तळाशी ऊन क्वचितच पोचतं. सुरुवातीलाच पाण्याचे दोन डोह लागतात. हिवाळ्यात दुसरा कमरेच्याही वर असू शकतो आणि पाणी बर्फासारखं गार असतं. तिथून पुढे मोठमोठ्या धोंड्यांवरून उड्या आणि घसरगुंडी. मग पहिलं रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, येतं, साधारण ४५ ते ५० फुटांचं.

निर्णय घ्यायचा तो इथे. त्या कड्यापर्यंत जाऊन परत साम्रदला येता येतं, त्याला दोर लागत नाही, आणि ज्यांना दरी फक्त पाहायची आहे त्यांना तेवढं पुरतं. एकदा दोरावरून खाली उतरलात आणि दोर काढून घेतला, की त्या वाटेने परतणं नाही. पुढचे छोटे कडे उतरून दरीच्या तोंडाशी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी करोली घाटाने चढून साम्रदला यायचं, किंवा खाली डेहण्याला उतरून आसनगाव गाठायचं. उंचीची भीती असलेला माणूस त्या कड्यावर उभा राहून ठरवायला लागला, तर सगळा गट खोळंबतो आणि त्याच्यावर नको तो दबाव येतो. म्हणून कोण कुठपर्यंत येणार हे साम्रदमध्येच ठरवून टाका.

सांदणला हेल्मेट लागतंच. कड्यावरच्या माकडांच्या पायाने दगड सुटतात आणि खाली बाजूला सरकायला जागा नसते. कातळाला मधमाश्यांची पोळी असतात, त्यामुळे धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. पावसाळ्यात, अगदी लांबलेल्या अवकाळी पावसातसुद्धा, या घळीत पाऊल टाकू नये. वर पडलेलं पाणी इथूनच वाहतं.

अलंग-मदन-कुलंगमध्ये वरच्या दोन्ही कसोट्या, कळसूबाईचा दम आणि सांदणचा दोर, एकत्र येतात. आंबेवाडीतून निघायचं, पाठीवर सॅक, दोन ते तीन दिवस. अलंग आणि मदनच्या जुन्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ च्या सुमारास सुरुंग लावून उडवल्या, म्हणून आज तिथे कातळारोहण करावं लागतं. मदनचा टप्पा साधारण ५० फुटांचा, आणि खाली दरी इतकी मोकळी की दोर बांधलेला असूनही हात थरथरतात. पुढे चढणारा अनुभवी हवा, बिले देणारा, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळणारा, त्याहून सावध हवा. कुलंगला दोर लागत नाही, पण चढ जीव काढतो. वर मात्र पाण्याच्या टाक्यांची एक रांगच आहे. मदनवर उन्हाळ्यात पाण्याचा भरवसा धरू नका, ओझं वाढलं तरी पाणी सोबत ठेवा.

इथे परत फिरता येतं, पण पुन्हा दोरावरूनच, दमलेल्या हातांनी. म्हणून माझं मत ठाम आहे : कळसूबाई न थकता झाली आणि सांदणच्या दोरावर हात-पाय शांत राहिले, तरच इकडे या. नुसता दम असून भागत नाही आणि नुसती हिंमत असूनही. तोवर एकटा कुलंग करून बघा, तीन दिवस झेपतील का ते त्यातच कळतं.

ज्यांना यातलं काहीच नको त्यांना रतनगड. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, जंगलातली वाट, शिड्या आणि माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. काजवे पाहायचे असतील तर मेअखेर ते पावसाची पहिली सर एवढाच काळ, आणि झाडाजवळ टॉर्च बंद. हा बराचसा भाग अभयारण्यात येतो, त्यामुळे निघण्याआधी वनखात्याचे त्या वेळचे निर्बंध गावात फोन करून विचारा.

मुंबईकरांना कसारा लोकल आणि पुढे घोटीमार्गे जीप, पुणेकरांना संगमनेर-अकोले-राजूर.

गट मिश्र असेल, म्हणजे दोन धाडसी आणि चार बेताचे, तर साम्रदला एका घरात उतरा. रात्री पिठलं-भाकरी सांगून ठेवा. सकाळी सगळे मिळून दुसऱ्या डोहापलीकडे पहिल्या कड्यापर्यंत जा. दोरवाले रॅपलिंगच्या टीमबरोबर खाली उतरतील, बाकीचे परत येऊन दुपारी रतनवाडीचं देऊळ बघतील, आणि दुसऱ्या दिवशी करोली घाट चढून वर येणाऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन साम्रदच्या बांधावर थांबतील.