‘स्कार्लेट’ सांगून शिकारी खेकडे पाठवले: रीफ टाकी (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) ठेवणाऱ्यांनी अवश्य वाचावे

आगाऊ पैसे घ्यायचे आणि नंबर ब्लॉक करायचा, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. माझ्याकडे माल आला, पण भलताच आला आणि त्याने टाकीतले इतर जीव मारले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी शेवाळ खाण्यासाठी आठ स्कार्लेट हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे छोटे लाल खेकडे) मागवले. प्रत्येकी ५५० प्रमाणे ४,४०० आणि पॅकिंग-कुरिअरचे ६५०, असे ५,०५० रुपये विक्रेत्याने यूपीआयने आगाऊ घेतले. दराबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, “रामेश्वरमचा माल आहे, इम्पोर्ट नाही, म्हणून परवडतो.” त्याचा खोटेपणा याच वाक्यात उघडा पडला होता! स्कार्लेट, म्हणजे पॅग्युरिस्टिस कॅडेनाटी, हा कॅरिबियन आणि पश्चिम अटलांटिकमधला खेकडा असून तो आपल्या समुद्रात मिळतच नाही. ते वाक्य आठवले की आजही अंगाचा तिळपापड होतो. पण या धंद्यात नावे वाटेल तशी वापरली जातात आणि फोटो त्याने अस्सल स्कार्लेटचेच पाठवले होते. माझ्या जागी कोणीही विश्वास ठेवला असता.

आली ती डार्डानस मेगिस्टोस या दुसऱ्याच हर्मिट क्रॅबची पिल्ले. टाकीच्या निळ्या दिव्याखाली लाल रंग काळपट दिसतो, त्यामुळे टाकीत सोडताना काहीच कळत नाही. पांढरा दिवा लावल्यावर पायांवरचे काळ्या कडेचे पांढरे ठिपके आणि राठ केस स्पष्ट दिसले. स्कार्लेटचे पाय लालभडक, डोळ्यांचे देठ पिवळे आणि दोन्ही नांग्या जवळपास सारख्या असतात. डार्डानसची डावी नांगी मोठी असते. मात्र केवळ नांगीवर जाऊ नका, कारण कॅल्सिनस या आणखी एका हर्मिट क्रॅबचीही डावीच मोठी असते आणि ते छोटे खेकडे बऱ्याच रीफ टाक्यांत चालतात. मेगिस्टोस मात्र भरपूर वाढणारा शिकारी आहे. त्यांनी ९०० रुपयांच्या सहा टर्बो गोगलगायी शंखातून ओढून खाल्ल्या आणि १,८०० रुपयांची झोअँथस या प्रवाळासारख्या जिवांची वसाहत दगडावरून उखडली. एकूण फटका ७,७५० रुपयांचा. पैसे देण्याआधी पांढऱ्या प्रकाशातला, त्याच खेकड्यांचा व्हिडिओ मागा.

“लहानपणी ठिपके असतात, नंतर जातात,” एवढे सांगून विक्रेत्याने मला ब्लॉक केले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर पुढे पोलीस ठाण्यात ऐकायला मिळाले, “माल मिळाला ना, मग सायबर फसवणूक कसली? आणि खेकड्यांसाठी गुन्हा नोंदवायचा?” बँकेने, व्यवहार तुम्हीच मंजूर केला, असे उत्तर देऊन हात झटकले. वाघाचे चित्र दाखवून मांजर विकले असते तरी यांनी हेच सांगितले असते का? ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत २ वर्षांची आहे. पण नोटीस पाठवायला विक्रेत्याचा पत्ता लागतो. तो बँक गोपनीयतेच्या नावाखाली देत नाही आणि गुन्हाच नोंदवलेला नाही म्हणून पोलीस शोधत नाहीत. तेव्हा पत्ता असलेले पक्के बिल हाती येईपर्यंत एक रुपयाही पाठवू नका. असे खेकडे गळ्यात पडलेच, तर समुद्रात सोडू नका, वेगळ्या टाकीत ठेवा. माझे तसेच ठेवले आहेत, आणि पत्ता मिळवण्यासाठी पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज दिला आहे.