नवा साधा फोन की जुना भारी फोन?

बजेट वीस हजारांच्या आसपास असेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुढ्यात येणारे सॅमसंगचे दोन पर्याय असे: पेटीबंद गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जी किंवा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण ठाकठीक करून विकायला ठेवलेला, गॅलेक्सी एस२१. दुकानदार एस२१ आधी हातात देईल, कारण तो हातात घेतला की अर्धा विकलाच जातो. धातूची कड, झकास कॅमेरा, आटोपशीर आकार. त्याच्याशेजारी ए१६ फिकाच वाटतो.

आता तारखा बघा. एस२१ आला जानेवारी २०२१ मध्ये, सुरक्षा अपडेटचा वायदा पाच वर्षांचा. म्हणजे २०२६ च्या सुरुवातीला खेळ खलास. ए१६ फाइव्ह-जी ऑक्टोबर २०२४ चा, वायदा सहा वर्षांचा, म्हणजे २०३० पर्यंत. ही मुदत फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुमची पावती फाडल्यापासून नाही. दुकानाची वॉरंटी वेगळी, तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

मुदत संपली म्हणून फोन बंद पडत नाही, आणि लोक गाफील राहतात ते इथेच. व्हॉट्सॲप चालतं, पैसे जातात-येतात, प्ले स्टोअरवरून ॲप अपडेटही होतात. पण अँड्रॉइडमध्येच नवं भगदाड सापडलं, तर ते बुजवायला बहुधा कोणी येत नाही. गूगल २०१५ पासून दर महिन्याला अशा भगदाडांची यादी जाहीर करतं. दुरुस्ती न झालेल्या फोनपुरती ती यादी म्हणजे चोराला दिलेला घरचा पत्ता.

म्हणून बँक, यूपीआय, डीमॅट आणि लोकलचा पास असं सगळं एकाच फोनवर असेल, तर माझं मत ए१६ ला. तो चौथ्या वर्षी रखडत चालेल, हे गृहीत धरा. (आठ जीबी रॅमचाच घ्या.) एस२१ फोटोंसाठी दुसरा फोन म्हणून खुशाल घ्या, फक्त बँकेचं सिम त्यात घालू नका.

बजेट ताणता आलं तर गूगलचा पिक्सेल ८ए बघा: मे २०२४ चा, सात वर्षं अपडेट. जुन्या आयफोनचा मोह असेल तर २०१८ चा एक्सआर नको, २०२५ मध्ये आलेली आयफोनची नवी सिस्टीम, आयओएस २६, त्याला मिळालेलीच नाही.

बँकेच्या कामासाठी कोणताही अँड्रॉइड फोन घ्या, पैसे देण्याआधी काउंटरवरच सेटिंग्ज उघडून ‘अँड्रॉइड सुरक्षा अपडेट’समोरची तारीख वाचा. ती जुनी असेल तर दुकानाच्या वायफायवर तिथेच अपडेट करायला लावा. नवं काही आलंच नाही, तर पाकीट खिशातच राहू द्या.