परड्यू विद्यापीठ : माजी गव्हर्नरांच्या कारभारातील दहा वर्षे

विद्यापीठाकडे विद्यार्थ्याला दिली जाणारी सेवा म्हणून पाहिले, तर अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या परड्यू विद्यापीठाची 2013 ते 2022 ही वर्षे बारकाईने तपासावीत अशी आहेत. कारण या काळात अध्यक्षपदी असलेले मिच डॅनियल्स हे त्याच राज्याचे गव्हर्नरपद आठ वर्षे सांभाळून थेट तेथे आले होते. (अमेरिकेतील गव्हर्नर नामधारी नसतो, तो लोकांकडून निवडून येतो आणि राज्याचा कारभार स्वतः चालवतो.)

राज्यातील रहिवासी विद्यार्थ्याचे वार्षिक शिक्षणशुल्क तेव्हा 9,992 डॉलर होते आणि डॅनियल्स यांच्या संपूर्ण कारकिर्दीत त्यात वाढ झाली नाही. महागाई जमेस धरली तर शिक्षण दरवर्षी थोडे स्वस्तच होत गेले, आणि पहिल्या वर्षाला मुलाला पाठवणाऱ्या कुटुंबाला शेवटच्या वर्षापर्यंतच्या शुल्काचा हिशेब मांडता आला. माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे मोल तेच आहे. हा भार उचलण्यात वाढत्या प्रवेशांचा हात होता. विद्यार्थिसंख्या सुमारे 39 हजारांवरून 50 हजारांच्या पुढे गेली, परराज्यातील विद्यार्थी जवळजवळ तिप्पट शुल्क भरत राहिले आणि वसतिगृहांवरचा ताण वाढला. कर्जाऐवजी भावी पगारातील हिस्सा घेणारी 2016 मधील योजना मात्र टिकली नाही. 2022 मध्ये तिचे नवे करार थांबवण्यात आले.

निवडीच्या पद्धतीला मला गुण देता येत नाहीत. 2012 मध्ये ज्या विश्वस्त मंडळाने त्यांची निवड केली, त्यातील बहुतेक सदस्य त्यांनीच गव्हर्नर म्हणून नेमलेले होते, आणि पुढील काम कितीही चांगले झाले तरी हा दोष धुऊन निघत नाही.

त्याची किंमत 2013 च्या जुलैत दिसली. गव्हर्नर असताना एका इतिहासकाराचे पुस्तक राज्यातील वर्गांतून हटवण्याविषयी त्यांनी 2010 मध्ये लिहिलेले ईमेल उघड झाले आणि नव्वदहून अधिक प्राध्यापकांनी त्यांना जाहीर पत्र लिहिले. शालेय अभ्यासक्रमापुरतीच ती चिंता होती, हे त्यांचे उत्तर मला अपुरे वाटते. तरीही 2015 मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याची शिकागो विद्यापीठाची तत्त्वे स्वीकारणारे परड्यू हे पहिले सरकारी विद्यापीठ ठरले आणि अध्यापकांना बोट ठेवून दाखवता येईल असा लेखी आधार मिळाला, याची नोंद येथे आवर्जून करतो.