घोरण्यावरचं लेसर आणि माझे 68,500 रुपये

ठाण्यातल्या एका चकाचक क्लिनिकने घोरणं बंद करून देतो म्हणत माझ्याकडून 68,500 रुपये उकळले. पॅकेज 85,000 चं, वर 'आजच बुक केलंत तर' वाली सूट. हा खाक्या तुम्हाला नवा नाही, मलाही नव्हता. पण बायको कंटाळून हॉलमध्ये झोपायला लागली की 'ना टाके, ना ॲडमिट' ऐकून कुणीही पाघळेल.

खटकायला हवं होतं ते इथे. मी डॉक्टरांना विचारलं, "आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो त्याची तपासणी, नको का?" डॉक्टर गप्प. उत्तर दिलं काउन्सेलर बाईंनी, "सर, ती मशीन विकणाऱ्यांची फॅडं!" डॉक्टरांच्या वतीने पॅकेज विकणारी बोलते आणि मी कार्ड पुढे करतो! पावतीवर नुसतं 'वेलनेस पॅकेज'. डॉक्टरांचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. आता घशात टॉर्च मारणाऱ्याला पदवी दाखवा म्हणायची छाती आपल्यात कुणाची असते? तरी विचारा. आणि क्रमांक नसलेली पावती घेऊच नका.

लेसरने मऊ टाळू जरा आवळते, फडफड कमी होते, आवाज घटतो. माझाही घटला. मग एका रात्री बायकोने पाहिलं, आवाज बंद, छाती वरखाली होतेय, पण नाकातोंडातून हवाच नाही. मग एकदम मोठा आचका. दुसऱ्या ईएनटीने स्लीप स्टडी करून घेतली. तासाला सरासरी 34 वेळा श्वास अडत होता. 30 च्या वर म्हणजे तीव्र स्लीप ॲप्निया. याला टाळू भाजून भागत नाही, मला सीपॅप लागलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल तर लेसरबिसर राहू दे, आधी तपासणी.

पोलीस म्हणाले, सिव्हिल मॅटर. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. क्लिनिकचं उत्तर नाही म्हणून ती बंद! म्हणजे चोर बोलला नाही की चोरी मिटली? महापालिकेत साहेब म्हणाले, खाटा नाहीत ना, मग आमच्याकडे येत नाही. मेडिकल कौन्सिलकडे जायचं तर डॉक्टर कोण ते सांगा. तेच तर कागदावर नाही!

आता जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षं. उपचारांचे कागद मागितल्यापासून 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, म्हणून क्लिनिककडे लेखी मागितले. उत्तर आलं, "सर, मेंटेनन्स सिटिंग बुक करू का? 20 टक्के ऑफ आहे."