परदेशात भाड्याची गाडी: गाडी उत्तम, काउंटरवर सावध राहा

आठ दिवसांसाठी सर्वांत लहान, हाताने गिअर बदलायची गाडी घेतली. ऑटोमॅटिकपेक्षा बरीच स्वस्त पडली. विमानतळाऐवजी शहरातल्या शाखेतून उचलल्याने अधिभारही वाचला. गाडी स्वच्छ, टायर चांगले.

राग आला तो काउंटरवरच्या आग्रहाचा. विम्यात ‘एक्सेस’, म्हणजे नुकसान झाल्यास आपल्या खिशातून जाणारी रक्कम, मोठी होती. ती शून्यावर आणायला रोजचे जादा पैसे मागत होते. ती रक्कम भरून देणारा वेगळा विमा मी निघण्याआधीच खूप कमी पैशांत काढला होता, म्हणून ठाम नकार दिला. पण मग क्रेडिट कार्डावर तेवढे पैसे अडकवून ठेवतात. कार्डाची मर्यादा आधी बघाच. डेबिट कार्ड त्यांनी घेतलंच नाही.

मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही मागितले. १९४९च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारानुसारचा आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभरच चालतो, तारीख तपासून घ्या.

ताबा घेताना चारही बाजू, चाकं, काच यांचा व्हिडिओ काढला होता. परत देताना त्यांनी दारावरचा जुना ओरखडा माझ्या नावावर टाकला, तेव्हा तोच कामी आला. अडकवलेले पैसे सहाव्या दिवशी पूर्ण सुटले.