सात माशांचा पत्ता आणि ‘व्हय म्हाराजा’: एआयच्या दोन साधनांचा महिनाभराचा अनुभव

आमच्या वाडीच्या जत्रेचे पत्रक आणि व्हॉट्सॲपवर पाठवण्यासाठी मिनिटभराचे गाणे करायचे होते. त्या निमित्ताने मी महिनाभर एआयची दोन साधने वापरली. त्यांपैकी एक चित्रे काढणारे होते, तर दुसरे शब्द दिले की चाल लावून गाऊन दाखवणारे.

चित्रांच्या साधनापुढे मुद्दाम सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ, ठेवली. दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते असतात; प्रत्येक अवताराचे १२, त्यांत राजा, प्रधान आणि एक ते दहा चिन्हांची पाने. मत्स्यावतारातला सात माशांचा पत्ता मागितला, तर पहिल्या खेपेस नऊ मासे आले, दुसऱ्या खेपेस सहा, आणि तिसऱ्या खेपेस सात मोजून हायसे वाटते न वाटते तोच किनारीच्या नक्षीतून आठव्याचे शेपूट डोकावताना दिसले. अशी साधने ठिपक्यांच्या कल्लोळापासून आरंभ करून, दिलेल्या वर्णनाशी जुळेल असे चित्र टप्प्याटप्प्याने स्वच्छ करत नेतात. मोजणी अशी त्यात कोठे होतच नाही. गंजिफेत मात्र माशांची संख्या हीच पत्त्याची ओळख असल्यामुळे ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. देवनागरी अक्षरांचीही दैना होती. रंगसंगतीबाबत मात्र तक्रार नाही: तांबडी जमीन, पिवळी किनार, वर हिरवी वेलबुट्टी असे दहा-बारा नमुने एका संध्याकाळी मिळाले, तेही रेंज ये-जा करत असताना.

गाण्याच्या साधनाला गाऱ्हाणे दिले आणि तेथे खरी गंमत झाली. गाऱ्हाण्याला चाल नसते. एकजण देवाला आळवतो आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. साधनाने त्याखाली व्हायोलिनचा ताफा घातला आणि ‘व्हय म्हाराजा’चे ध्रुवपद करून ते शेवटी चार वेळा आळवले. आईने ऐकून विचारले, “हे देवाक गाराणां घालतत काय लग्नाक बोलयतत?”

उच्चारांचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन वेगळे च आपण लिहिताना एकाच अक्षराने दाखवतो. साधन दोन्ही हिंदीच्या वळणाने म्हणते. ‘त्सांदणे’ असे लिहून दिल्यावर ते बरेचसे सुधारले, परंतु ‘नारळ’चा ‘नारल’ काही केल्या सुटला नाही. नुसते वादन मागितले तेव्हा पखवाजाऐवजी तबला आला. झांज तेवढी ओळखीची वाटली.

पैसे भरण्यापूर्वी अटी वाचाव्यात. मी वापरलेल्या सेवेत मोफत खात्यावरील गाणे व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यामुळे खानावळीच्या किंवा होमस्टेच्या जाहिरातीला ते लावणाऱ्यांनी सावध असावे. शिवाय या क्षेत्रातील हक्कांचा वाद मोठा आहे: सुनो आणि युडिओ या दोन सेवांवर अमेरिकेतील बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जून २०२४ मध्ये खटले भरले, ते आपली गाणी परवानगीशिवाय प्रशिक्षणासाठी वापरल्याच्या आरोपावरून.

चित्रांच्या सेवेचे पैसे मी आणखी एक महिना भरणार आहे, कारण पत्रकाची पार्श्वभूमी तीतून घेऊन अक्षरे वाडीतल्या पेंटरकडून काढून घेता येतील. गाण्याची सेवा बंद केली आहे. गाऱ्हाणे देवळातच मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायचे ठरले आहे.