भंडारदऱ्याचा तंबू की कर्जतची डॉर्मिटरी?

दिवाळीची सुट्टी संपली की ठाण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुक्कामाच्या सहलीची पत्रकं येऊ लागतात. पाठवू की नको, यावर दोन दिवस चर्चा झडते. माझ्या घरात दोन्ही प्रकार झालेत. थोरला सहावीत असताना भंडारदऱ्याला तंबूत राहून आला, धाकटी चौथीत असताना कर्जतजवळच्या डॉर्मिटरीत. दोन्ही वेळा मी पत्रकात दिवसाचा कार्यक्रमच तेवढा वाचला: ट्रेक, झिपलाइन, बोटिंग. दिवसा मुलं मजेत असतात हो. रडारड, पोटदुखी, 'आईला फोन लावा' हे सगळं रात्री दिवे गेल्यावर सुरू होतं. म्हणून ही तुलना रात्रीपुरती.

आधी शौचालय, कारण आमचं तिथेच फसलं. पत्रकात 'तंबूत राहण्याची उत्तम सोय' असं छापलं होतं. शौचालय तंबूंपासून लांब, शेताच्या कडेला आणि वाटेत एकच दिवा, हे लेक परत आल्यावर कळलं. अंधारात जायला नको म्हणून त्याने दुपारी चारनंतर पाणी प्यायचंच सोडलं होतं. घरी आला तेव्हा ओठ फुटलेले, डोकं दुखतंय, आणि पाण्याची बाटली जवळजवळ भरलेली. मिसना सांगितलं का, विचारलं तर म्हणाला, 'सगळ्यांसमोर काय सांगू?' डॉर्मिटरीत हा प्रश्न निम्मा सुटतो, शौचालय त्याच छपराखाली असतं. निम्माच म्हणते, कारण कडी न लागणारं दार धाकटीलाही भेटलं. मैत्रिणीला बाहेर उभं करून तिने भागवलं. मूल अजून अधूनमधून अंथरूण ओलं करत असेल तर वर्गशिक्षिकांना आधी एकटं गाठून सांगा. त्यांना ते नवीन नसतं. रात्री एकदा उठवायची तयारी दाखवतात का, तेवढं बघा.

थंडीचा हिशोब सरळ आहे. आपण ठाण्यात जानेवारीतही पंखा लावून झोपतो. भंडारदरा कळसूबाईच्या (1646 मीटर) परिसरात, धरणाच्या पाण्याकाठी. तिथे हिवाळ्यात पहाटे पारा कित्येकदा 10 अंशांखाली जातो. शिवाय झोपलेल्या मुलांच्या श्वासाची वाफ तंबूच्या कापडाला आतून पाणी होऊन लागते, आणि कडेला झोपलेल्याची स्लीपिंग बॅग ओली होते. कानटोपी, मोज्यांचा जादा जोड आणि फक्त झोपण्यासाठी राखलेले कोरडे कपडे हवेतच. कर्जतला एक स्वेटर आणि जाड चादर पुरते.

सापांची भीती मात्र आपण उलटी धरतो. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावल्याचं बऱ्याचदा दुखतही नाही. त्यामुळे तळ शिवलेला, चेन पूर्ण लावलेला तंबू हा फटीच्या दारामागे फरशीवर घातलेल्या गाद्यांपेक्षा बरा. डॉर्मिटरी असेल तर पलंग आहेत की गाद्या, हे विचारा. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन असलेला जवळचा सरकारी दवाखाना कोणता, हे दोन्हीकडे विचारा. उत्तर चटकन आलं पाहिजे.

अंतराचं म्हणाल तर कर्जत ठाण्याहून लोकलने दीडेक तासावर, आई-बाप रात्रीही पोहोचतात. भंडारदरा सुमारे 150 किलोमीटर. गाडी लागणाऱ्या मुलासाठी बस कसारा घाटातून जाणार की समृद्धीवरून, हे विचारून घ्या. आमणे ते इगतपुरी टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो.

बोटिंगबद्दल एकच. जानेवारी 2024 मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. प्रत्येकाला लाइफ जॅकेट देणार, असं शाळा लेखी देत नसेल तर मूल काठावर बसलेलं बरं.

औषधांत माझाच गाढवपणा. थोरल्याचा दम्याचा पंप मी सरांच्या हातात दिला, आणि सर दुसऱ्या बसमध्ये बसले. आता एक पंप मुलाच्या खिशात, दुसरा शिक्षकांकडे.

एका बाबतीत तंबू उजवा ठरतो, आणि हे मला अनपेक्षित होतं. तंबूत तिघं-चौघं असतात. बुजरं मूल आपल्या दोस्ताच्या शेजारी गपगुमान झोपतं. डॉर्मिटरीत चाळीस मुली एका हॉलमध्ये. धाकटी सांगते, दोन वाजेपर्यंत उशा उडत होत्या आणि एक मुलगी रडते म्हणून चौघी रडल्या.

तेव्हा घराबाहेर एकही रात्र न काढलेलं मूल असेल तर आधी कर्जत. त्याआधी एक रात्र ऐरोलीच्या मावशीकडे, आईशिवाय, फोनशिवाय. ती नीट गेली आणि मूल पाचवीच्या पुढे असेल तर भंडारदऱ्याला खुशाल पाठवा. मात्र आठवडाभर आधी हॉलमध्ये दिवे मालवून, टॉर्चच्या उजेडात त्याला स्लीपिंग बॅगमध्ये शिरायला लावा. सकाळी ती गुंडाळून पिशवीत परत कोंबायची, तीही एकट्याने. आमच्याकडे पहिल्या दिवशी यात वीस मिनिटं गेली आणि मी हात मागे बांधून उभी होते. हे मला जड गेलं, त्याला नाही.

धाकटी आता सहावीत आहे. परवा तिचं भंडारदऱ्याचं पत्रक आलं. तंबूपासून शौचालय किती पावलांवर, असं मी मिसना विचारलं. म्हणाल्या, 'हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, कळवते.' अजून सही केलेली नाही.